गोडा पाणी, धा मिनटां

"ह्या तेल नाय मास्तर, ह्यो च्या."

मेस्त्री हे वाक्य कुठलाही आव न आणता बोलला. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, मालवणातलं ते चिंचोळं दुकान, डोक्यावरचा पंखा गरम हवाच खाली ढकलत होता. लाकडी घोडीवर आमच्या होडीचं इंजिन उभं लटकवलेलं, टोपण काढलेलं, आणि त्याच्या पायाखाली एक कापलेला प्लास्टिकचा डबा. मेस्त्रीने आधी खालचा स्क्रू काढला, मग वरचा सैल केला. वरून हवा आत गेली तशी खालून धार सुटली. गिअरचं तेल कसं बाहेर यायला हवं ते मला ठाऊक आहे. दाट, काळपट, करंगळीला चिकटून लोंबणारं. हे आलं ते दूध जास्त झालेल्या टपरीवरच्या चहासारखं, आणि तेवढंच पातळ. म्हणजे आत खारं पाणी शिरलेलं, तेही काल-परवा नव्हे.

"कधी बदलल्यात?" त्याने विचारलं.

"ऑक्टोबरात," मी म्हटलं. पटकन म्हटलं, कारण तसं लिहिलेलं होतं. वहीत, माझ्याच अक्षरात. तारखेसकट.

त्याने डब्यात बोट बुडवलं, अंगठ्याने चोळलं, उजेडाकडे धरलं. मग माझ्याकडे न बघता एकच शब्द बोलला, "बदलल्यात?" या वेळी 'कधी' नव्हतं. मी डब्याकडे बघत राहिलो. त्यानेही पुन्हा विचारलं नाही, चिंधीला हात पुसले आणि पंखा काढायला घेतला. पंखा म्हणजे पाण्यातला, छताचा नव्हे. मी बाहेर येऊन समोरच्या गाड्यावर चहा मागितला, आणि कप हातात आल्यावर मात्र तो प्यायची इच्छा राहिली नाही.

ती वही तात्यांची. तात्या माझे काका. देवबागेत आमच्या घराच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये माडांची एक पट्टी. लहानपणी एका बाजूला तोंड धुवावं आणि दुसऱ्या बाजूला पाय, असं आम्ही थट्टेत म्हणायचो. तात्यांनी पहिलं इंजिन १९९८ साली तिघांच्या पत्तीत घेतलं. तोवर वल्हं आणि शीड. इंजिन आलं आणि बांगड्यामागे किती लांब जाता येतं याचा हिशोबच बदलला, तेव्हा त्या तिघांना ते इंजिन म्हणजे न दमणारा चौथा खलाशी वाटत असणार. पहाटे जायचं, दुपारी यायचं, होडी पुळणीवर ओढायची आणि इंजिन तसंच, अंगावर मीठ वाळत, दुसऱ्या दिवसाची वाट बघत. दुसऱ्या हंगामात कर्लीच्या मुखाशी, सुकती म्हणजे ओहोटी लागलेली असताना, ते एक मोठा कण्हल्यासारखा आवाज करून जागच्या जागी जाम झालं. मी तेव्हा होडीत होतो, नववीत असेन. मला तो आवाज आठवतो आणि त्यानंतरची शांतता त्याहून जास्त. पाणी आम्हाला बाहेर ओढत होतं, समोर वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या, आणि तात्या काही न बोलता वल्हं काढून बसले. किनाऱ्याला लागेपर्यंत त्यांच्या तळहातांची सालं निघाली होती. पुढे उघडून बघितलं तर थंडाव्याचं पाणी जिथून फिरतं त्या वाटा मिठाने बुजलेल्या. मेलेल्या म्हशीच्या चाऱ्याचे पैसे भरावेत तसे त्या इंजिनाचे हप्ते ते पुढची पाच वर्षं भरत होते.

दुसरं इंजिन २००६ साली आलं, एकट्याचं. तेच हे. ९.९ अश्वशक्तीचं, टू-स्ट्रोक, वजन ३६ किलोच्या आसपास. आणि त्याच्यासोबत, किराणा मालाच्या दुकानातून, दोनशे पानी वही आली.

तात्या सातवी शिकलेले. वहीत शुद्धलेखन नाही, पण खाडाखोडही नाही. 'ता. १४/११. गोडा पाणी धा मि. ग्रीस.' 'ता. १५/११. गोडा पाणी धा मि.' 'ता. १७/११. गोडा पाणी धा मि. पलग साप केलो, काळो होतो.' पानंच्या पानं असंच. कुठे माणसाचं नाव नाही, मासळीचा भाव नाही, मी शाळेत नोकरीला लागलो त्या दिवशीसुद्धा 'गोडा पाणी धा मि.' एवढंच. माझ्या लग्नाच्या तारखेला मात्र कोरी जागा आहे. मी मुद्दाम शोधून पाहिलं.

हे गोडं पाणी म्हणजे आमच्या घरातला रोजचा तंटा. परसात एक निळं पिंप होतं. तात्या खांद्यावरून इंजिन आणायचे, पिंपाच्या काठावर आवळलेल्या फळीला अडकवायचे, पंख्याच्या वरपर्यंत विहिरीचं पाणी भरायचे आणि दोरी ओढायचे. दहा मिनिटं इंजिन त्या पिंपात नुसतं घुमायचं, कुठेही न जाता. पाणी उकळल्यासारखं ढवळायचं, धूर माडांत अडकायचा, कोंबड्या पडवीत पळायच्या. आमची विहीर वाळूतली. नोव्हेंबरात पाणी नारळासारखं गोड, मार्चनंतर उतरत जातं आणि मेमध्ये उपसा वाढला की मचूळ लागतं. मग काकी सुरू व्हायची, "माणसांका पियाक पाणी नाय नि इंजनाक न्हाणी!" तात्या उत्तर द्यायचे नाहीत. मचूळ तर मचूळ, समुद्रापेक्षा बरं, असं त्यांचं गणित. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. आमच्या विहिरीचं कधी कोणी मोजलं नाही, काकीची जीभ हेच माप. पण गंमत अशी की काकीचा स्वयंपाक त्या आवाजावर चालायचा. पिंपात घरघर सुरू झाली की ती भाताचं पाणी चुलीवर ठेवायची आणि घरघर थांबली की माशाचं तिकलं उतरवायची. घड्याळ बघताना मी तिला कधी पाहिलं नाही.

मागे एकदा या यंत्राचा जन्म वाचला होता. ओले एविनरूड नावाचा नॉर्वेतून अमेरिकेत गेलेला एक कारागीर. सांगतात ते असं, की १९०६च्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्यावर तो आणि त्याची होणारी बायको बेस सहलीला गेले होते, तिला आईस्क्रीम खावंसं वाटलं, म्हणून हा वल्हवत तळ्यापलीकडे गेला आणि परत येईपर्यंत आईस्क्रीमचं पाणी झालं. त्या चिडीतून होडीच्या मागे लावायचं इंजिन त्याच्या डोक्यात आलं आणि १९०९ साली त्याने ते विकायला काढलं. खरंखोटं काही असो, मला त्यातलं तळं महत्त्वाचं वाटतं. गोड्या पाण्याचं तळं! कुणाला तरी थंडगार आईस्क्रीम मिळावं म्हणून सुचलेलं यंत्र आपण उचलून अरबी समुद्राच्या मिठात बुडवलं, आणि मग रोज संध्याकाळी त्याला दहा मिनिटं त्याच्या माहेरचं पाणी दाखवायचं. हे मी तात्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "तेका तिकडे रापण ओढूची नव्हती."

मी डीएड करून शाळेत लागलो, तरी रविवारी तात्यांसोबत जायचो. गरवायला, नाहीतर खाडीत जाळं टाकायला. इंजिनाची शिकवणी त्याच दिवसांतली. पेट्रोलच्या लिटरला २० मिली तेल, ते झाकणाने मोजून, आणि मिसळताना कॅन हलवायचा तो ताक घुसळल्यासारखा. पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा कडक होईपर्यंतच दाबायचा, पुढे नाही. सुरू झालं की मागे वळून बघायचं. इंजिनाच्या पाठीतून पाण्याची बारीक धार पडायला हवी, तीच खूण की आत पाणी फिरतंय. त्या धारेला आमच्याकडे जे म्हणतात ते शाळेच्या मास्तराने लिहू नये, पण तात्या दर वेळी विचारायचे, "मुतता मा?" आणि मी म्हणायचो, "मुतता." हे झाल्याशिवाय नांगर उचलला जायचा नाही. पुढे माझ्या धाकट्या मुलाने पहिली गोष्ट शिकली ती हीच आणि ती त्याने मुंबईच्या पाहुण्यांसमोर मोठ्याने म्हणून दाखवली.

ती धार ज्याच्या जिवावर पडते तो इंपेलर त्यांनी मला पहिल्यांदा हातात दिला तेव्हा मी हसलो होतो. एवढ्या दणदणीत यंत्राच्या पोटात एक रबरी फूल! मुठीत मावेल एवढं, सहा पाकळ्यांचं. एकाच दिशेला फिरून फिरून पाकळ्या वाकलेल्या, वाऱ्याने एका अंगाला कललेल्या माडांसारख्या. बरं दिसत असलं तरी वर्षाला बदलायचं, हा त्यांचा नियम. एका वर्षी पाच पाकळ्याच निघाल्या. तर सहावी सापडेपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही. तो चण्याएवढा तुकडा पाण्याच्या वाटेत वर अडकला असता तर नवं फूल घालूनही धार आली नसती. दुपारभर आम्ही तारेने टोकरत होतो. सापडला तेव्हा तात्यांनी तो वहीच्या त्या पानाला चिकटवला. अजून आहे. रबर कडक होऊन कागदाला भोक पडलंय.

माझी सगळ्यांत मोठी फजिती जस्ताची. इंजिनाच्या पायाला, पाण्याखाली राहील असा, एक करड्या धातूचा तुकडा बसवलेला असतो. खड्डे पडलेला, कुरूप. एका उन्हाळ्यात मी उत्साहाने सगळा पाय घासून चंदेरी रंगाने रंगवला, त्या तुकड्यासकट. तात्या आले, बघितलं, आत जाऊन कोयता घेऊन आले आणि बसून तेवढ्याच तुकड्यावरचा रंग खरवडला. "ह्यो खाऊक ठेवलेलो असा," म्हणाले. खारं पाणी धातू खाणारच. त्याने आधी हा खावा, म्हणून हा उघडा हवा. रंगवला की पाणी ॲल्युमिनियमकडे वळतं. वहीत त्या दिवशी 'गोडा पाणी धा मि.' आणि खाली, 'झिलान लायलेलो रंग काडलो.' सोळा वर्षांत माझा उल्लेख म्हणावा असा एवढाच.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ आमच्या समोरून वर गेलं तो दिवस. आदल्या रात्री तात्यांनी होडी सुरूच्या झाडांपर्यंत ओढून बांधली आणि इंजिन मात्र घरात आणलं. मांगरात नाही, घरात. माजघरातल्या खांबाला उभं बांधलं आणि त्यावर गोधडी घातली. आडवं का नाही ठेवत, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पायातला पाणी डोक्यात चडात." दिवसभर कौलं उडत होती, वाडीतले माड मोडल्याचे आवाज येत होते, आणि आम्ही सहा माणसं त्या गोधडीतल्या सातव्याभोवती बसून होतो. काकी म्हणाली, घरात पाव्हणो इलोसो वाटता. दुपारी होडीवर माड पडला आणि ती मधोमध फुटली. पुढचे कित्येक दिवस वीज नव्हती. तात्यांनी संध्याकाळी ओल्या परसात पिंप उभं केलं आणि इंजिन दहा मिनिटं चालवलं. समुद्रात गेलंच नव्हतं त्या दिवशी, मग कशाला? मी विचारलं नाही. त्या अंधारात सबंध वाडीत तेवढा एकच आवाज होता.

पुढच्या वर्षी तात्या गेले. इंजिन आणि वही माझ्याकडे आली. मी फायबरची लहान होडी घेतली आणि ठरवलं, सगळं तसंच करायचं.

तसंच केलं, सुमारे वर्षभर. पहिली खोटी नोंद कधीची ते मला नक्की माहीत आहे. एका रविवारी उशीर झाला, दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती, अंगाला मासळीचा वास, पाठ दुखत होती. उद्या करू म्हटलं आणि वहीत मात्र आजच लिहून टाकलं, उद्या दोन्ही मिळून होईलच या हिशोबाने. 'गोडे पाणी १० मि.' माझं शुद्धलेखन चांगलं आहे. उद्या काही झालं नाही. आणि इंजिनालाही काही झालं नाही! पुढच्या रविवारी पहिल्या ओढीत सुरू झालं, धार पडली. मग कधी पाणी कमी म्हणून, कधी पाऊस म्हणून, कधी मुलाचा अभ्यास म्हणून. वही मात्र एक दिवस चुकली नाही. इथे मला माझ्या धंद्याविषयी सांगायला हवं. आम्ही मास्तर लोक रोज काही ना काही नोंदवतो. टाचणवही, हजेरी, पोषण आहार, शनिवारी संध्याकाळी बसून आठवड्याभराचं. न शिकवलेला पाठ शिकवल्याचं मी किती वेळा लिहिलंय ते मोजणार नाही. लिहिलं की झालं, हे बोटांना इतकं सवयीचं झालंय की लिहिताना खोटं बोलतोय असं वाटतच नाही, उलट थोडं हलकं वाटतं. ऑक्टोबरात तेलाची ट्यूब आणून मांगरातल्या फळीवर ठेवली आणि घरात येऊन 'गिअर तेल बदलले' असं लिहिलं. जेमतेम पाव लिटर तेल, वीस मिनिटांचं काम. ट्यूब अजून फळीवर आहे, सील न तोडलेली. मेस्त्रीच्या दुकानातून फोन करून मी बायकोला बघायला सांगितलं, जणू चुकून खरंच वापरली गेली असेल.

मी परत आत गेलो तेव्हा मेस्त्रीने पंखा उतरवला होता. दांड्याभोवती तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला, वितभर असेल. माझ्याच गरीचा. फिरून फिरून तो आत सरकला होता आणि पाणी अडवणाऱ्या रबरी सीलची कड त्याने सुरीसारखी कापली होती. मधूनमधून पंखा काढून ग्रीस लावलं असतं तर तंगूस दिसला असता. निदान तेल खरंच बदललं असतं, तर ते दुधाळ व्हायला लागलंय हे तेव्हाच कळलं असतं. वहीत 'पंखा काढून ग्रीस' दोनदा आहे. मेस्त्रीने तो तंगूस काढून माझ्या हातात दिला. सील बदलली, एक बेअरिंग गंजायला लागलं होतं तेही बदललं, मग खालच्या भोकातून नवं तेल भरत गेला. खालूनच भरायचं, म्हणजे हवा वरून निघून जाते आणि पोकळी राहत नाही. वरच्या भोकातून तेल डोकावलं तसा आधी वरचा स्क्रू घट्ट केला, मग खालचा. पैसे सांगितले ते मी मनात धरले होते त्यापेक्षा कमी होते. त्याने मला दोन गोष्टी ऐकवल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो तात्यांना ओळखायचा. "पावसात पेट्रोल ठेव नकात," एवढंच म्हणाला. "आताचा पेट्रोल पाणी वडता." तेही खरं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल शोषतं, आणि आमच्या पावसाळ्यात हवेला ओलीशिवाय दुसरं असतं काय? टाकी रिकामी करायची, कार्बोरेटरमध्येही थेंब ठेवायचा नाही. पिंपात चालवत ठेवून पेट्रोलची नळी काढून घ्यायची आणि आहे तेवढं संपून ते आपलं आपण थांबेपर्यंत उभं राहायचं.

येताना रिक्षा केली. इंजिन मागच्या सीटवर उभं आणि मी त्याला मिठी मारून. तारकर्लीच्या रस्त्यावर रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "कोण पाव्हणे?" मी हसलो. खिशात तंगूस होता.

संध्याकाळी परसात पिंप काढलं. किती महिने ते उपडं पडून होतं, त्याखाली विंचू निघाला. भरायला लागलो तर बुडाला चीर गेलेली, पाणी वाळूत झिरपत होतं. विहिरीत दोन हात पाणी. मी घाईघाईने कळश्या ओतल्या, फळी आवळली, इंजिन अडकवलं, दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला लागलं. धूर, घरघर, कोंबड्या. धार पडली. मुलगा धावत आला आणि विचारायचं ते त्याने विचारलं.

पिंपातलं पाणी उतरत चाललं तशी धार बारीक झाली. मी नळी काढली. इंजिन थोडं वेगाने घुमलं, अडखळलं, आणि थांबलं. मग माडांतला वारा ऐकू यायला लागला.

आतून काकीचा आवाज आला. ती आता चौऱ्याहत्तरची आहे, तिला वाचता येत नाही, वही तिने कधी उघडलेली नाही. "रे, झाला इतक्यातच? माझो भात खय शिजलो." मी काही बोललो नाही. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "इतके म्हयने पिंप गपच पडला हुता. आज ऐकलंय."

पडवीत बसून वही काढली. ऑक्टोबरचं ते पान उघडलं, पेन हातात धरून बराच वेळ बसलो. ते खोडलं नाही. पुढचं कोरं पान काढलं आणि लिहिलं, 'ता. २८/५. गोडे पाणी, ६ मि. पिंप गळते.'